‘डायरेक्ट’ वायर आणि सरळ मार्ग

मोटारी दुरुस्त करणाऱ्या आपल्याकडील मंडळींच्या बोलण्यांत ‘डायरेक्ट करणें’ असा एक वाक्प्रचार आहे. मोटारींतील एखादा लहान पुर्जा काम देईनासा झाला म्हणजे तो काढून टाकावयाचा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींस जोडावयाच्या आणि गाडी चालू करून द्यावयाची, याला ‘डायरेक्ट’ म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे, कृति त्याहून सुटसुटीत आहे. आणि गाडी खरोखरच चालूं लागते, त्यामुळें मालक व मिस्त्री हे दोघेहि समाधानानें घरीं जातात. प्रस्तुत लेखांत या समाधानाविरुद्ध थोडें बोलावयाचें आहे. विषय एका जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनाच्या रिलेचा आहे. परंतु ज्यांच्या घरीं सायकलीवांचून दुसरें वाहन नाहीं अशा विद्यार्थ्यांनींहि तो वाचावा, असें मला वाटतें.

कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत स्पोर्ट्स मोटारीचें काय काम, असें कोणी विचारील. त्याला उत्तर असें कीं, ज्या यंत्रांत सर्व कांहीं नेमकें बसविलेलें असतें, तेथें लहान वस्तूचें मोल लवकर कळतें. शिवाय ही वस्तु सर्वस्वीं परकी आहे असेंहि नाहीं. आपल्या शेजारच्या गोव्यांत १९९८ सालीं ‘सॅन स्टॉर्म’ नांवाची दोन बैठकींची मोटार निघाली. तिचें अंग फायबरग्लासचें व इंजिन फ्रान्समधील रेनो कंपनीचें, ११४९ घन सेंटिमीटरचें होतें. अशा गाड्या थोड्याच झाल्या आणि पुढें तें उत्पादन बंद पडलें. ज्या गाडीची निर्मितीच थांबली, तिच्या मालकाला एकेका पुर्जासाठीं वणवण करावी लागते. म्हणून ‘डायरेक्ट’चा मोह त्यालाच सर्वांत अधिक पडावयाचा.

रिले म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. पूर्वीं दूरचा निरोप घोडेस्वारांकरवीं जात असे. एकच घोडा सारी वाट धांवूं शकत नसे, म्हणून टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे उभे असत आणि थकलेल्या घोड्याचें काम ताजा घोडा पुढें नेई. पश्चिमेकडे या बदलीच्या घोड्यांना रिले म्हणत. पुढें विजेच्या तारेनें निरोप जाऊं लागले, तेव्हां तीच अडचण पुन्हां उभी राहिली. लांबच्या तारेंतून येतां येतां वीज क्षीण होई. मग अशी युक्ति निघाली कीं, त्या क्षीण विजेनें एक लहानसा विद्युच्चुंबक जागा करावा, त्यानें लोखंडाची एक पट्टी ओढून घ्यावी, आणि त्या पट्टीनें पुढच्या तारेंतील ताज्या विजेची वाट मोकळी करावी. थकलेल्यानें ताज्याला हाक मारावयाची, एवढेंच तें तत्त्व. अमेरिकेंतील जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञानें तें १८३५ च्या सुमारास दाखवून दिलें. हा हेन्री १८२६ पासून ऑल्बनी येथील एका विद्यालयांत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत होता आणि विद्युच्चुंबकावरील आपले पहिले मोठे प्रयोग त्यानें तेथेंच केले, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना अभिमान वाटावा अशी आहे. विद्युत्प्रवर्तनाच्या मापास आज ‘हेन्री’ हेंच नांव आहे. आपल्या देशांतील तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तिच्या बाळपणाचा सोबती रिले मात्र आज घरोघरच्या मोटारींत जाऊन बसला आहे.

मोटारींत त्याचें रूप मोठ्या सुपारीएवढ्या चौकोनी काळ्या डबीचें असतें. तिच्या तळाला चार किंवा पांच पाय असून त्यांवर ३०, ८५, ८६, ८७ असे अंक असतात. ८५ व ८६ या पायांच्या मध्यें बारीक तारेचें वेटोळें, म्हणजे कॉइल असते. ३० या पायाशीं बॅटरीची वीज येऊन उभी असते, आणि ८७ या पायापासून ती पेट्रोलच्या पंपाकडे जाते. कॉइलमध्यें वीज आली कीं पट्टी ओढली जाते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि ३० व ८७ यांची गांठ पडते. कॉइलचा रोध ८० ओहम धरला, तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर तिच्यांतून १२ भागिले ८०, म्हणजे अवघी ०.१५ अँपिअर धारा वाहते. आणि एवढ्याशा धारेच्या आज्ञेवरून पांचसहा अँपिअर घेणारा पंप चालूं लागतो. इंजिनाचा संगणक आपल्या नाजूक बोटांनीं पंपाचें ओझें उचलूं शकत नाहीं. तो रिलेला खूण करतो आणि रिले तें ओझें उचलतो. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. त्या धड्याचें राहतें घर ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें या डबींत डोकावावें.

असा हा पुर्जा नादुरुस्त होतो तो बहुधा वयोमानानें. हजारों वेळां जोडतांना व सुटतांना ठिणगी पडून त्याचे पॉइंट खरवडतात आणि काळे पडतात. इंजिनाच्या उष्णतेनें आंतील सोल्डरचे सांधे तडकतात. पावसाळ्यांत पायांवर गंज चढतो. जर्मनींतील पोर्शे कंपनीच्या ९४४ या स्पोर्ट्स मोटारीचें उदाहरण या बाबतींत जगभर प्रसिद्ध आहे. ती मोटार १९८२ ते १९९१ या काळांत निघाली. तिच्यांत एकाच डबींत दोन रिले बसविलेले आहेत. एक इंजिनाच्या संगणकाला वीज देतो आणि दुसरा पेट्रोलच्या पंपाला. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें आंतील सांधे तडकले म्हणजे चांगली धांवती गाडी अकस्मात् थांबते. कित्येकदां ती निवल्यावर आपोआप चालूं लागते आणि मालकाला चकवा पडल्यासारखें होतें. एवढ्या किमती गाडीचे अनुभवी मालक म्हणूनच या रिलेची एक जादा डबी नेहमीं जवळ बाळगतात. हत्तीला मुंगीचें भय असतें म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

आतां अशी कल्पना करा कीं, मलकापुराहून बुलढाण्यास येतांना राजूरच्या घाटांत एक जुनी स्पोर्ट्स मोटार थांबली आहे. सेल्फ मारला कीं इंजिन फिरतें, परंतु पेट घेत नाहीं. येथें दोन प्रकारचे मिस्त्री संभवतात. पहिला अंदाजानें चालतो. तो प्लग काढतो, पंप बदलावयास सांगतो, संगणक गेला असेल म्हणतो, आणि मालकाचे हजारों रुपये खर्ची पडल्यावर अखेर रिलेपाशीं येऊन ‘डायरेक्ट’ करून मोकळा होतो. दुसरा मिस्त्री प्रथम कानानें काम करतो. किल्ली फिरवितांच मागच्या बाजूस पंपाची दोन सेकंद गुणगुण ऐकूं येते कीं नाहीं, हें तो पाहतो. ती ऐकूं आली नाहीं तर तो फ्यूज पाहतो. फ्यूज शाबूत असला तर रिलेवर बोट ठेवून तो सेल्फ मारावयास सांगतो. बोटाला ‘टक्’ जाणवलें, तर कॉइल जिवंत आहे. पॉइंट जुळतात कीं नाहीं हें अद्याप ठरावयाचें आहे. मुळींच जाणवलें नाहीं, तर कॉइल तुटली असेल किंवा तिला आज्ञाच पोंचत नसेल. मग तो रिले उपसतो आणि मल्टीमीटर हातीं घेतो. ३० क्रमांकाच्या खांचेंत बॅटरीची वीज आहे काय? सेल्फ मारतांना ८५ व ८६ यांच्यामध्यें वीज येते काय? हीं दोन्हीं उत्तरें होकारार्थी आलीं, आणि बाहेर बॅटरीवर लावून पाहिलेल्या रिलेच्या ३० व ८७ यांची गांठ पडत नाहीं असें दिसलें, म्हणजेच दोष रिलेचा ठरला. या सर्व तपासास पंधरा मिनिटें पुरतात. या पंधरा मिनिटांत त्यानें एकहि गोष्ट गृहीत धरली नाहीं.

नवा रिले निवडणें हेंहि डोळस माणसाचें काम आहे. दिसावयास अगदीं सारख्या अशा दोन जातींच्या रिलेंत ३० आणि ८६ या पायांच्या जागा उलटसुलट असतात. डबी खांचेंत नीट बसते, म्हणून ती योग्यच असेल असें नाहीं. कांहीं रिलेंच्या पोटांत डायोड असतो; त्याला विजेची दिशा उलटी चालत नाहीं. म्हणून जुन्या डबीवरील आकृति व अँपिअरचा अंक नव्या डबीशीं ताडून पाहावा, बॅटरीचें ऋण टोक आधीं सोडावें, खांचेंतील गंज साफ करावा, ढिली झालेली पट्टी आवळावी आणि मग नवा रिले दाबून बसवावा. एवढें झाल्यावर गाडी सुरू होते.

परंतु गाडी सुरू झाली म्हणजे काम संपलें काय? माझ्या मतें दुरुस्तीचें खरें काम येथून पुढें आहे. रिले कां मेला, हा प्रश्न अजून उभाच आहे. तो म्हातारपणानें मेला असेल, तर आपलें काम झालें. पण कित्येकदां रिले हा अपराधी नसून बळी असतो. पेट्रोलचा पंप जुना होऊन जड चालूं लागला कीं तो अधिक धारा ओढतो आणि तिचा भार रिलेच्या पॉइंटवर पडतो. समजा, पॉइंटचा रोध वाढून ०.२ ओहम झाला आणि धारा ६ अँपिअर आहे. मग ०.२ गुणिले ६, म्हणजे १.२ व्होल्ट तेथेंच खर्च होतात, आणि १.२ गुणिले ६, म्हणजे ७.२ वॉट उष्णता त्या सुपारीएवढ्या डबींत कोंडून राहते. डबीचें प्लास्टिक पिवळें पडतें, पाय तापतात, आणि एके दिवशीं सारें संपतें. अशा वेळीं पंपाची धारा न मोजतां नुसता नवा रिले बसविणें म्हणजे मेलेल्याला उचलून नेणें व मारणाऱ्याला घरांत ठेवणें होय. आणि ‘डायरेक्ट’ करणें म्हणजे त्याहि पुढें जाऊन मारणाऱ्याच्या वाटेंतील शेवटचा पहारेकरी काढून घेणें होय.

दोष कसा शोधावा आणि शोधल्यावर काय करावें, याचें एक सुंदर उदाहरण रिलेच्याच इतिहासांत आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत बांधलेलें ‘मार्क दोन’ हें गणकयंत्र बिघडलें. तें यंत्र हजारों रिलेंचें बनविलेलें होतें. शोधतां शोधतां ७० व्या क्रमांकाच्या रिलेंत अडकून मेलेला एक पतंग सांपडला. तेथील मंडळींनीं तो झटकून टाकला नाहीं. त्यांनीं तो नोंदवहीच्या पानावर चिकटविला व शेजारीं वेळ आणि स्थळ लिहून ठेवलें. ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहांत जपून ठेवलेली आहे. हजारों रिलेंमधून एक रिले हुडकून काढणें ही चिकाटी, आणि सांपडलेला दोष लिहून ठेवणें हा प्रामाणिकपणा. आपल्याकडील किती वर्कशॉपांत कोणत्या गाडीचा कोणता पुर्जा कोणत्या कारणानें बदलला याची वही असते? आणि ती मागणारे मालक तरी किती असतात?

आतां ‘डायरेक्ट’ केल्यानें नेमकें काय बिघडतें तें पाहूं. विद्यार्थ्यांच्या वडीलधाऱ्यांनीं पाहिलेली प्रीमियर पद्मिनी मोटार मुंबईंत कुर्ला येथें तयार होत असे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं तिनें मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमधूनहि निरोप घेतला. तिच्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच गतीनें हालत असे. इंजिन थांबलें कीं पंप थांबे. त्यानंतरच्या फवारणीच्या इंजिनांत पंप विजेवर चालतो आणि पेट्रोल मोठ्या दाबानें पुढें ढकलतो. म्हणून योजकांनीं अशी व्यवस्था केली कीं, इंजिन फिरत असल्याची खूण येत राहील तोंवरच रिले धरून ठेवावा. इंजिन थांबलें कीं रिले सुटावा आणि पंप थांबावा. गाडी आदळली, उलटली, पेट्रोलची नळी फाटली, तरी इंजिन थांबतांच पेट्रोलचा ओघ थांबतो. ‘डायरेक्ट’ तारेला हें तारतम्य नसतें. इंजिन बंद पडलेलें असतांहि ती पंपाला वीज देतच राहते, आणि फाटलेल्या नळींतून पेट्रोल तापलेल्या लोखंडावर उडत राहतें. तार फ्यूजला वळसा घालून जोडली असेल तर तीच तापून पेटण्याचा धोका निराळा.

आगीचें नांव काढतांच आपल्या जिल्ह्यांतील माणसांच्या मनांत काय येतें, तें सांगावयास नको. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपुराहून पुण्याकडे जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून मृत्यु पावले. त्या दुर्घटनेचा संबंध रिलेशीं किंवा कोणाच्या ‘डायरेक्ट’ तारेशीं जोडण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. तसें करणें अन्यायाचें होईल. परंतु वाहन पेटल्यावर माणसाच्या हातीं किती थोडे क्षण उरतात, हें त्या रात्रीनें आपणां सर्वांस दाखविलें आहे. ५ जून २०२५ पासून हा ७०१ किलोमीटरांचा महामार्ग सर्व खुला झाला असून आपल्या जिल्ह्यांतून रात्रंदिवस वाहनें वेगानें धांवत असतात. अशा काळांत वाहनांतील प्रत्येक पहारेकरी पुर्जा जागेवर असणें, ही त्या वाहनाच्या मालकाची केवळ खासगी बाब राहिलेली नाहीं.

या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. मिस्त्री म्हणेल, “गुरुजी, रात्रीची वेळ आहे, घाटांत गाडी बंद पडली आहे, गाडींत बायकामुलें आहेत, आणि जुन्या गाडीचा रिले मिळावयास आठ दिवस लागतील. अशा वेळीं तार जोडून त्यांना घरीं पोंचविलें, तर मीं पाप केलें काय?” मी म्हणेन, नाहीं. वळणावर अडकलेल्या कुटुंबाला सुरक्षित स्थळीं नेणें हें पहिलें कर्तव्य आहे. पोर्शेचे जाणते मालकहि अडचणीच्या वेळेसाठीं अशी तार जवळ ठेवतात. परंतु त्या तारेला तीन अटी असाव्या. तिच्यांत फ्यूज असावा. गाडी थांबतांच ती काढून टाकावी. आणि ती जोडली आहे हें मालकाला स्पष्ट सांगून चिठ्ठीवर लिहून द्यावें. मोडलेल्या हाताला वैद्य येईपर्यंत फळी बांधतात, पण ती फळी बांधूनच कोणी जन्म काढीत नाहीं. आपल्याकडे ही फळी जन्माची सोबतीण होते, आणि पुढें गाडी विकली गेली म्हणजे नव्या मालकाला तिचा पत्ताहि नसतो. माझी तक्रार त्या घाटांतल्या रात्रीविषयीं नाहीं. दुसऱ्या दिवसाच्या सकाळविषयीं आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सर्वसाधारण रिले कांहींशें रुपयांना मिळतो. जुन्या स्पोर्ट्स मोटारीचा खास रिले त्याच्या कित्येक पट महाग पडेल. तरीहि ज्या पंपाचें, ज्या इंजिनाचें आणि ज्या माणसांचें तो रक्षण करतो, त्यांच्यापुढें ती किंमत काय? हा हिशेब मोटार नसलेल्या पालकांनाहि ठाऊक आहे. आपल्या विहिरीवरील विजेच्या पंपाच्या स्टार्टरमध्यें ओव्हरलोड रिले असतो. मोटारीवर भार वाढला, किंवा तीनपैकीं एक फेज गेली आणि धारा वाढली, कीं तो स्टार्टर पाडतो. पाणी देण्याची पाळी रात्रीची, पीक सुकत चाललेलें, आणि स्टार्टर पुनःपुन्हां पडतो. अशा वेळीं कोणी तरी येऊन तो रिले ‘डायरेक्ट’ करून जातो. पंप चालतो. मग एके रात्रीं मोटार जळते, रिवाइंडिंगसाठीं तालुक्याला न्यावी लागते, आणि नेमक्या गरजेच्या दिवसांत पीक पाण्यावांचून राहतें. रिले पडत होता तो शेतकऱ्याला छळण्यासाठीं नव्हे. तो सांगत होता कीं विजेंत किंवा मोटारींत कांहीं तरी बिघडलें आहे. आपण सांगणाऱ्याचें तोंड बांधलें आणि दुखणें तसेंच राहूं दिलें.

यांतून शाळेला काय घेण्यासारखें आहे? २४ डिसेंबर २०२२ या राष्ट्रीय ग्राहकदिनीं केंद्र सरकारनें ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नांवाचें संकेतस्थळ सुरू केलें. शेतीचीं अवजारें, मोबाईल व तत्सम उपकरणें, घरगुती यंत्रें आणि मोटारी या चार क्षेत्रांत वस्तु दुरुस्त करण्याची माहिती ग्राहकाला मिळावी, हा त्याचा उद्देश. उद्देश स्तुत्य आहे. परंतु अधिकार कागदावर मिळतो आणि पात्रता हातांत यावी लागते. माहिती समोर असतांहि ती वाचून, मोजून, कारण शोधणारा माणूस नसेल, तर त्या अधिकाराचें चीज होणार नाहीं. असा माणूस घडविण्याचें काम शाळेचें आहे. वर्षाकांठीं एक जुना रिले, एक बॅटरी, एक दिवा आणि एक मल्टीमीटर एवढें साहित्य प्रत्येक वर्गाला मिळालें, तर विद्युच्चुंबकाचा धडा मुलांच्या बोटांत उतरेल. भंगारांतील मेलेला रिले फोडून त्याचे काळवंडलेले पॉइंट ज्यानें एकदां पाहिले, त्याला रोध म्हणजे काय हें पुन्हां पाठ करावें लागणार नाहीं.

पालकांपाशींहि एक विनंति आहे. हातानें काम करणाऱ्या मुलाकडे आपण अद्याप थोडें खालच्या नजरेनें पाहतों. गुण कमी पडले म्हणून मुलाला आयटीआयला घातलें, असें आपण दबत्या आवाजांत सांगतों. परंतु वर वर्णिलेला दुसरा मिस्त्री जें करतो, तें शास्त्रज्ञाच्या कामाहून जातीनें निराळें नाहीं. तोहि तर्क करतो, तर्क तपासतो, खोटा ठरलेला सोडून देतो आणि खरा ठरलेल्यावर काम करतो. उलट, वीस वर्षांचा एखादा पोरगा ‘डायरेक्ट’ तार जोडतो, तेव्हां त्याला दोष देण्यापूर्वीं हें विचारलें पाहिजे कीं, ती तार कां जोडूं नये हें त्याला आजवर कोणी समजावून सांगितलें होतें काय? त्याच्या उस्तादानें सांगितलें नाहीं. आणि तो शाळेंत होता तेव्हां आम्हीं त्याला व्याख्या लिहावयास लावल्या. त्या व्याख्येचा आणि त्याच्या हातांतील तारेचा संबंध कोणीच जोडून दिला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, अखेरीस तुमच्याविषयीं दोन शब्द. ‘डायरेक्ट’ तार केवळ मोटारींत जोडली जाते असें समजूं नका. गणिताच्या पुस्तकाच्या मागील पानावरचें उत्तर पाहून वर पायऱ्या जुळविणें, गाइडमधील निबंध पाठ करून पेपरांत उतरविणें, शेजाऱ्याच्या वहींतून प्रयोगाचीं वाचनें नकलून घेणें, हीं सर्व त्याच जातीचीं जोडकामें आहेत. तेथेंहि गाडी चालूं लागते, गुण मिळतात आणि सर्वजण समाधानानें घरीं जातात. पण न समजणें हा मनाचा रिले आहे. उदाहरण सुटत नाहीं तेव्हां तो पडतो आणि सांगतो कीं मागें कोठें तरी एक सांधा तडकलेला आहे. मागच्या इयत्तेंतील अपूर्णांक कच्चे आहेत, किंवा व्याकरणांतील एक नियम कधीं समजलाच नव्हता. ज्यानें त्या सूचनेचें ऐकून मागें जाऊन तो सांधा शोधला, त्याची पुढची वाट मोकळी झाली. ज्यानें वळसा घालून उत्तर मिळविलें, त्याच्यापुढें पुढच्या वर्षाचा घाट उभा आहे, आणि तेथें मदतीला शेजाऱ्याची वही नसेल.

कारण शोधण्यास वेळ लागतो, हें खरें आहे. परंतु ज्याला आपण सरळ मार्ग म्हणतों, तो बहुधा अंतरानें लांबच असतो. फ्यूज पाहणें, बोट ठेवणें, मोजणें, ताडून पाहणें, लिहून ठेवणें, आणि मग योग्य तो पुर्जा योग्य त्या जागीं बसविणें, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. यांतील प्रत्येक पायरी लहान असून आपल्या शाळेंतील कोणत्याहि मुलामुलीच्या आंवाक्यांतील आहे. तुमच्यापैकीं कोणी पुढें स्पोर्ट्स मोटार बाळगील, कोणी ती दुरुस्त करील, आणि पुष्कळांच्या हातीं शेतांतील स्टार्टर किंवा घरांतील मिक्सर एवढेंच येईल. जें हातीं येईल तें बंद पडेल तेव्हां तें कां बंद पडलें, हें विचारल्याशिवाय त्याला तार जोडूं नका, एवढेंच आपल्या शिक्षकाचें मागणें आहे.